उजव्या वळणाची डबी

"समोर बस. आणि माझे हात बघ, तोंड काय बघतेस? तोंडाने घडी पडत नाही."

सासूबाई गेल्या, त्यांचा चष्मा कुणीतरी उचलून ठेवला, त्यांच्या चपलांची जागासुद्धा भरून गेली. पण हा आवाज वहिनीच्या कानातून गेला नव्हता. नवी नवरी होती तेव्हाचा आवाज. स्वयंपाकघरातलं लांबट टेबल, एका कडेला सासूबाई, समोरच्या कडेला ती, आणि दोघींच्या मध्ये निळ्या वेलींच्या कागदाचा एक चौकोन.

त्या घराचं दुकान होतं भिंतीला लावायच्या कागदांचं. नमुन्यांची जाडजूड पुस्तकं जुनी झाली की घरी यायची आणि त्यांतल्या पानांच्या डब्या व्हायच्या. सासूबाईंना डबी करायला कसलं निमित्त लागत नसे. संत्री बाजारात आली, एवढं पुरे. सालींचा पांढरा गर खरवडायचा, साली उकळायच्या, कडू पाणी ओतून द्यायचं, पुन्हा नवं पाणी, पुन्हा ओतायचं, आणि कडवटपणा जेमतेम जिभेच्या टोकाला उरला की मग पाकात सोडून मंद आचेवर काचेसारख्या करायच्या. वाळल्या की साखरेत लोळवायच्या. घरात त्यांना साखरसाली म्हणत. डबीत भरून त्या सगळ्या गणगोताला आणि मैत्रिणींना जायच्या.

आणि डबी अशी, की तिला ना डिंक ना दोरा. झाकणाला चार पाकळ्या. प्रत्येकीने शेजारणीच्या काखेत शिरायचं, आणि शेवटचीने वळून पहिलीच्या. सासूबाई हाडाच्या पट्टीने घडी दाबत, आणि दाबताना गुणगुणत:

कागदा रे कागदा, कड धर, कोन धर,
पोटात ठेव गोड, पाठीवर ऊन धर.

वहिनी समोर बसून बघत गेली आणि आरशात बघावं तसं करत गेली. सासूबाईंचा उजवा हात, तर तिचा डावा. डबी झाली तेव्हा सासूबाईंनी ती उचलून उजेडात धरली. "अगं, उलटी की ही! माझी उजवीकडे वळते, तुझी डावीकडे."

वहिनीचा चेहरा पडला. उलगडायला गेली तर हातावर चापट बसली.

"राहू दे. घट्ट बसलीय ना? मग झालं. कुठली कुणी केली ते लोकांना कळेल तरी."

आणि खरंच कळायचं. सासूबाईंची बहीण, सगळ्यांची मावशी, दार उघडल्या उघडल्या झाकण बघायची. "डावी आलीय? म्हणजे सुनेची. साखर जपून घातली असणार." उजव्या वळणाची डबी सासूबाईंची, डाव्या वळणाची वहिनीची. तिसरं वळण या घरात नव्हतं. घरची लेक, वहिनीची नणंद, लहानपणी आईच्या मांडीत बसून शिकलेली, म्हणून तिचं वळणही उजवं. पण लग्नानंतर तिने कागदाला हात लावला नव्हता. तिला डबी घरपोच जायची.

वहिनी तिला वन्सं म्हणायची, आणि त्या एका शब्दात जेवढा मान बसवता येईल तेवढाच बसवायची.

यंदा संत्री आली आणि त्यांच्यामागोमाग वन्सं आल्या. बॅग दारातच टाकून, पायातलं न काढता, थेट स्वयंपाकघरात.

"यंदाच्या डब्या आईच्या वळणाने होतील," त्या म्हणाल्या. "आणि पुढच्या वर्षीपासून माझ्या घरून जातील. सगळ्यांना फोन करून सांगून टाकलंय. पट्टी कुठाय?"

"बसा तरी. पाणी देते."

"पाणी प्यायला नाही आले मी."

खिडकीच्या कट्ट्यावर वहिनीने केलेल्या डब्या रांगेने उभ्या होत्या. पिवळ्या पट्ट्यांच्या, राखाडी पानांच्या, एक तर पोपटांच्या नमुन्याची. सगळ्या डाव्या वळणाच्या. वन्संनी एकीचं झाकण बोटाने उचललं, नाक मुरडलं, आणि सगळ्या रिकाम्या टोपलीत लोटून टोपली पायाने टेबलाखाली सारली. रद्दी सारावी तशी.

"अहो, त्या तयार आहेत."

"उलट्या आहेत. इतकी वर्षं झाली, एक साधी घडी सुलट येईना तुला."

ताटात साली वाळत होत्या. वन्संनी एक तोंडात टाकली. "कडू."

"थोडा कडूपणा ठेवावा लागतो. नुसतं गोड असलं की बेचव लागतं, असं आई म्हणायच्या."

"आई काय म्हणायची ते तू मला सांगणार?"

वहिनीने ताटावर जाळी झाकली. खोचून बोलायला तिलाही येत होतं. "नाही, तुम्हीच सांगा. तुम्ही वर्षातून एकदा यायचात, तुमच्याच लक्षात जास्त राहिलं असेल."

हे जिव्हारी लागलं. वन्संच्या मानेवर लाल चट्टा उठला, तो त्यांच्या आईच्याही उठायचा. पण त्या काही बोलायच्या आत वहिनीचा नवरा दुकानातून जेवायला आला आणि बहिणीला बघून दारातच अडखळला. बाहेर लोक त्याला भिंतवाले म्हणत. बहीण मात्र अजून बाळ्याच म्हणे.

"बाळ्या, आईची पट्टी मला हवी."

"अं? घे की. म्हणजे, हिला विचार."

"हिला कशाला विचारू? पट्टी आईची आहे."

भिंतवाले बायकोकडे बघायला लागले, मग बहिणीकडे, आणि मग दोघींच्या मधल्या भिंतीकडे, जणू तिला कुठला कागद शोभेल याचा अंदाज घेत होते. वहिनीने ड्रॉवर उघडला आणि पट्टी टेबलावर ठेवली. ठेवली, दिली नाही. बोटभर लांबीची, पिवळसर, आणि मधोमध सासूबाईंच्या अंगठ्याने झिजवलेली खळी. त्या खळीत आता वहिनीचा अंगठाही नीट बसायचा.

पट्टी जाणार म्हणजे डब्या जाणार. आणि डब्या गेल्या की या टेबलावर उरतील फक्त भाजीच्या पिशव्या. लग्न करून या घरात आली तेव्हा तिला पहिली जागा मिळाली होती ती याच टेबलाशी. ती एका बाईने दिली होती, आणि आता तिची लेक ती काढून घ्यायला आली होती.

तेवढ्यात मावशी आली. जिना चढून दमलेली, पण नाक शाबूत. "साखर जळतेय का कुणाची?"

"साखर नाही जळत, मावशी," भिंतवाले पुटपुटले.

"मग बरं." मावशी खुर्ची ओढून ताटाशेजारी बसली, जाळीच्या कडेखालून बोटं सरकवून एक साल काढली. "तू फोनवर म्हणालीस ते हिच्यासमोर म्हणालीस का?" तिने वन्संना विचारलं. "मी आपलं विचारलं. मला अर्धवट ऐकू येतं."

"म्हणणारच आहे. घाबरते का काय मी?" वन्संनी बॅगेतून एक पुडकं काढलं. मऊ कापडात गुंडाळलेलं. कापड उलगडलं, आणि आत निळ्या वेलींची डबी, झाकण घट्ट, पाकळ्या उजवीकडे वळलेल्या.

"शेवटची," त्या म्हणाल्या. "आई जायच्या आधीची. आता मला सांग, मावशी, शेवटच्या वर्षांत तुला कुठली डबी यायची? उजवी का डावी?"

"डावी. म्हटलं, बहीण म्हातारी झाली."

"आणि बाकी सगळ्यांना?"

"डावीच असणार."

"मला मात्र दर वर्षी उजवी. एक. एकच! याचा अर्थ काय?" वन्संचा आवाज चढला. "हिने तिच्या हातातलं काम काढून घेतलं, हाच अर्थ. तिला बाजूला बसवून टेबल बळकावलं. आणि माझी आई स्वतःच्या घरात, सुनेची नजर चुकवून, लेकीसाठी कशीबशी एक डबी करत राहिली."

भिंतवाल्यांनी घसा साफ केला. "तसं नाही गं. आईचे हात जरा थरथरायला लागले होते..."

"जरा काय? ही बघ! कोपरा बघ हा. ही घडी बघ, सुरीसारखी. थरथरणाऱ्या हाताचं काम आहे हे?"

भिंतवाल्यांनी वाकून बघितलं. कोपरा खरंच सुरीसारखा होता. मावशीने डबी हातात घेतली, फिरवली आणि वहिनीकडे नुसतं बघितलं. त्या बघण्यात उरलीसुरली साखरही विरघळून गेली होती.

वहिनी ताटातल्या साली पालथ्या करत राहिली. जाळी काढून एकेक उचलायची, दुसऱ्या कुशीवर ठेवायची. तिच्या तोंडात एक वाक्य होतं, बाहेर काढलं असतं तर सगळा निकाल तिथेच लागला असता. पण ते तिचं नव्हतं. ते तिच्याकडे ठेवायला दिलेलं होतं.

काही वर्षांपूर्वीची अशीच एक दुपार होती ती. सासूबाईंच्या हातातून पेला निसटला होता, आणि वहिनीने काचा गोळा केल्यावर त्यांनी कागद मागितला होता. पहिलीच घडी दाबताना कागद टरकन फाटला. दुसरा फाटला. तिसऱ्याला सासूबाईंनी हातच लावला नाही. दोन्ही हात शालीखाली घेऊन बसल्या.

"आज समोर नको बसूस," त्या म्हणाल्या होत्या. "इकडे ये. माझ्या अंगाला लागून बस."

वहिनी टेबलाला वळसा घालून गेली. सासूबाईंनी आपला थरथरता हात तिच्या हातावर ठेवला आणि तिच्या बोटांना उजवीकडे वळायला शिकवलं. इतक्या वर्षांची सवय मोडायची म्हणजे स्वतःच्या घरात उलट्या पावली चालण्यासारखं. चुकली की सासूबाई खांद्याने ढोसत. "तुझ्या तू तुझ्या वळणाच्याच कर. त्यात खोटं काही नको. तिची एक तेवढी माझ्या वळणाची व्हायला हवी."

"का पण? सांगू या ना वन्संना."

"मुळीच नाही! माझे हात गेलेत हे तिला कळलं, की गाडी घेऊन दारात उभी राहील. मला नाही म्हणायची सोयच ठेवणार नाही. प्रेम आहे गं तिचं, पण प्रेमाने उचलून नेलं म्हणून का माणूस सामान होत नाही?" मग त्या खिडकीकडे वळल्या. "तिचं घर फार छान आहे. तिथे मला पाणी प्यायचं तर पेला कुठेय ते विचारावं लागतं. मला इथेच राहायचंय. तुझ्या तोंडून निघता कामा नये."

"नाही निघणार."

आणि निघालं नव्हतं. वन्सं आल्या की सासूबाईंचे हात शालीखाली असत आणि चहा त्या लेकीची पाठ फिरल्यावरच पीत. नवऱ्याला हात थरथरतात एवढं ठाऊक होतं. डबीचं त्यालाही नव्हतं. वहिनीला त्या एका डबीत एक चोरटा अभिमानही वाटायचा. कोपरा सुरीसारखा येईपर्यंत ती कागद वाया घालवायची. तोच कोपरा आज तिच्यावर उगारला गेला होता.

"बघ, एक अक्षर बोलत नाही," वन्सं म्हणाल्या. "बोलेल कशी?"

"तुम्ही आलात कशाला, डब्या करायला ना?" वहिनीने ताट सरकवलं. "मग करा. पट्टी समोर आहे. कागद तिथे आहेत. मावशी थांबल्यात."

"करतेच."

वन्संनी बाह्या वर केल्या, गुलाबी फुलांचं पान उचललं आणि ओठांत गुणगुणू लागल्या. कड धर, कोन धर. गाणं त्यांना बिनचूक येत होतं. पहिली पाकळी बसली. दुसरी बसली. तिसरी दाबताना पहिली उठली. पहिली बसवली तर चौथीला शिरायला जागा उरेना. कागद जाड होता, भिंतीचा. तो मनधरणी केल्याशिवाय वळणारा नव्हता. त्यांनी तो चुरगळून फेकला, दुसरा घेतला. तोही उठला.

"पाठीवर ऊन धर, पाठीवर ऊन धर," मावशी साल चोखता चोखता म्हणाली. "बाई गं, ही तर उन्हाने तडकली."

"हसू नकोस, मावशी! कागद खराब आहेत. हिने मुद्दाम खराब ठेवलेत."

"बरोबर," वहिनी म्हणाली. "नमुन्यांचं पुस्तक छापणाऱ्यालाही मीच सांगितलं होतं, वन्सं येणार आहेत म्हणून."

भिंतवाल्यांना हसू आलं आणि त्यांनी ते खोकल्यात घातलं. वन्संनी त्यांच्याकडे असं बघितलं की खोकला खरा झाला.

मग त्यांनी जे केलं ते रागात केलं. निळी डबी जवळ ओढली. "आईचीच उघडून बघते. तीच शिकवेल मला. तुझी गरज नाही." आणि वहिनी 'नको' म्हणेपर्यंत त्यांनी शेवटची पाकळी उपसली. एकामागून एक चारही पाकळ्या सुटल्या, डबी टेबलावर आडवी पसरली आणि उरला नुसता चौकोन, घड्यांच्या रेषांनी भरलेला, म्हाताऱ्या तळव्यासारखा.

वन्संनी रेषा निरखल्या, मान हलवली, पुन्हा घडी घालायला घेतली. चौथी पाकळी उठली. त्यांनी दाबली, ती पुन्हा उठली. पुन्हा. घड्या मऊ पडत चालल्या. एका कोपऱ्याला, रेषेच्या टोकाशी, कागद पांढरा दिसायला लागला, फाटण्याआधी दिसतो तसा.

"बसत नाही," त्या म्हणाल्या. आवाजातला सगळा चढ उतरला होता. "ही बसत का नाहीये? आईची शेवटची... बाळ्या, ही बसत नाहीये!"

"द्या इकडे. फाटेल."

"हात लावू नकोस! तुझ्यामुळेच झालं हे!"

"वन्सं, द्या."

वहिनीने कागद त्यांच्या बोटांतून हळूच सोडवून घेतला. टेबलाला वळसा घातला. पलीकडच्या कडेला सासूबाईंची खुर्ची होती, ज्या दिवशी त्या गेल्या त्या दिवसापासून रिकामी; त्यात ती बसली. पट्टी उचलली. खळीत अंगठा ठेवला. आणि मग तिला विचार करावाच लागला नाही, हात आपले चालत राहिले, उजवीकडे, एक पाकळी दुसरीच्या काखेत, दुसरी तिसरीच्या. पांढऱ्या पडलेल्या कोपऱ्याला तिने नखाने आधार दिला. शेवटची पाकळी वळली आणि पहिलीखाली अशी गेली, जणू घर तिचंच होतं.

डबी उभी राहिली. मावशी बोटावरची साखर चाटायची थांबली.

"हे वळण तुला कुणी शिकवलं?" वन्सं म्हणाल्या.

'बघून बघून आलं', एवढंच म्हणायचं होतं. शब्द तयारही होते. पण वन्संना उत्तर आधीच सापडलं होतं आणि त्या उभ्या राहिल्या होत्या.

"म्हणजे येत होतं तुला! येत असून मुद्दाम उलट्या करत होतीस. आईचं वळण या घरातून पुसायचं म्हणून. जिवंत होती तेव्हापासून पुसत होतीस तिला."

पुसत होतीस. वहिनीने पट्टी खाली ठेवली. तिने सांडलेला चहा पुसला होता, भरवताना ओघळलेली खीर पुसली होती, शेवटी शेवटी सासूबाईंचं तोंडही तीच पुसायची.

"उलट्या माझ्या होत्या," ती म्हणाली. "उजवी मी एकच करायचे. वर्षाला एक. ही."

"खोटं."

"आत्ता तुमच्यासमोर केली."

"खोटं बोलतेस तू. आईने केलीय ही!"

"आईंचे हात गेले होते. जरा थरथरत नव्हते, गेले होते. पेला धरता येत नव्हता, कागद कुठला? तुमच्याकडे आलेल्या शेवटच्या सगळ्या डब्या माझ्या आहेत. त्यांनी मला शेजारी बसवून शिकवलं, कारण तुम्हाला कळायला नको होतं."

भिंतवाले म्हणाले, "मलासुद्धा नाही सांगितलंस?" त्यांच्याकडे कुणी बघितलं नाही. मावशीने डोळे मिटले होते आणि मान हळूहळू हलवत होती, अर्धवट ऐकू येणाऱ्या बाईला पूर्ण ऐकू आल्यासारखी.

वन्संनी डबी उचलली. झाकण बघितलं, कोपरा बघितला. जपून ठेवलेल्या साऱ्या डब्या त्यांच्या डोळ्यांसमोरून जात असाव्यात, एकेक करून परक्या होत. मग त्यांनी ती टेबलावर आपटली. डबी मोडली नाही. ती घट्ट होती.

"मग मला सांगायचं होतंस!" त्या ओरडल्या, रडत ओरडल्या. "एक फोन करायचा होतास! मी त्याच दिवशी गाडी घेऊन आले असते. एक क्षण तिला इथे ठेवली नसती. उचलून माझ्या घरी घेऊन गेले असते!"

वहिनीने त्यांच्याकडे बघितलं. वाक्याचा हा अर्धा भाग तरी आपल्याजवळ ठेवायचा असं तिने ठरवलं होतं, निदान टेबलाला वळसा घालताना ठरवलं होतं.

"म्हणूनच नाही सांगितलं, वन्सं," ती म्हणाली. "त्यांना तुमच्याकडे यायचं नव्हतं."